'पायलट व्हायचंय' म्हणणाऱ्या मुली अकरावीला कुठे जातात?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हाला दिसेल. तुम्ही तालुक्याच्या गावात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवता. विज्ञान दिनाला पाण्याच्या बाटलीचं रॉकेट उडवलं की मुली हरखून जातात. निम्म्या जणी वहीत 'पायलट' नाहीतर 'इस्रो' लिहून देतात. दोन वर्षांनी चौकशी करावी तर त्यातली एकही त्या वाटेवर नसते. यंदा तुमच्या दहावीत एक मुलगी आहे, गणितात पक्की, विमानांचं वेड असलेली. तिचे वडील म्हणतात, "ते पैसेवाल्यांचं काम, आणि उद्या हिच्याशी लग्न कोण करणार?" अशा मुलींना प्रोत्साहन द्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय, आणि आपण त्यांना खोटी आशा तर दाखवत नाही ना, हे तुम्हाला विचारायचंय.

मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनियर आहे, आमच्यात एएमई म्हणतात. माझी २३ वर्षं मुंबईला विमानांच्या देखभालीत गेली. विमान तपासायचं, बिघाड काढायचा आणि हे उडायला योग्य आहे म्हणून टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, सही करायची, हे माझं रोजचं काम. गाव कराडच्या बाजूचं, शाळा मराठी माध्यमाची, वडील साखर कारखान्यात फिटर. गेली दहा वर्षं सुट्टी जुळली की शाळांमधून मुलींशी बोलायला जाते, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

माझ्या अनुभवात मुलींकडे स्वप्नांची कमतरता नसते. ती त्यांनी मोबाइलवर कधीच पाहिलेली असतात. त्या गळतात अगदी साध्या, कोरड्या जागी. अकरावीच्या अर्जातल्या विषयांच्या रकान्यात, सायन्सच्या ज्युनियर कॉलेजला जाणाऱ्या एसटीच्या वेळेत, घरात पैशांचं बोलणं निघतं त्या संध्याकाळी. तुम्ही त्या जागी मुलीच्या शेजारी उभे राहिलात तर ते खरं प्रोत्साहन. भाषणं मीही पुष्कळ केली, त्यांचा असर आठवडाभर टिकतो.

सगळ्यात आधी गणित. कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. एएमईला लागतं. एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचं तर लागतं. एअर ट्रॅफिक कंट्रोलला बीएस्सीत फिजिक्स आणि गणित दोन्ही हवं, नाहीतर इंजिनियरिंगची पदवी. म्हणजे एक विषय सुटला की या सगळ्या वाटा एकदम बंद होतात, आणि तो सुटतो पंधराव्या-सोळाव्या वर्षी, कुणी फारसा विचार न करता. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी भेटली. दहावीला ९४ टक्के. अकरावीला तिने बायोलॉजी ठेवलं आणि गणित सोडलं, कारण घरात सगळे म्हणाले, मुलींना नर्सिंग, फार्मसी बरं. बारावी झाल्यावर ती मला विचारायला आली की पायलट व्हायला काय करावं. तिला सांगावं लागलं की आता आधी गणिताची परीक्षा पुन्हा दे, मुक्त विद्यालयातून देता येते. तिने दिली, पण वर्ष गेलं, आणि त्या वर्षात घरच्यांचा धीरही गेला.

म्हणून दहावीच्या मुलीला 'तू पायलट होणार का' हे विचारूच नका. त्या वयात त्याचं उत्तर कुणाला देता येत नाही, आणि एकदा 'हो' म्हटलं की घरात उगाच वाद पेटतो. तिला आणि घरच्यांना एवढंच सांगा की बारावीपर्यंत फिजिक्स आणि गणित सोडायचं नाही. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर गणितासोबत बायोलॉजीही ठेवता येतं. अभ्यास वाढतो हे खरं, पण दोन्हीकडचे रस्ते शाबूत राहतात.

दुसरी गोष्ट कॉलेजच्या अंतराची. ही प्रत्येक गावात वेगळी, त्यामुळे तुमच्याकडचं तुम्हीच पाहायला हवं. ज्या गावात आर्ट्सचं कॉलेज पायी अंतरावर आणि सायन्सचं १८ किलोमीटरवर, तिथे मुली आर्ट्सला जातात. यात आवडीचा प्रश्नच येत नाही. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. पास असतो, पण प्रॅक्टिकल संपल्यावर संध्याकाळची गाडी नसते. एका शाळेतल्या मुख्याध्यापिकेने डेपोला पत्र देऊन पाचची गाडी साडेपाचला करून घेतली होती. त्या वर्षी त्यांच्या सात मुली सायन्सला गेल्या. आधीच्या वर्षी दोन गेल्या होत्या. मी आजवर पाहिलेलं हे सगळ्यात कामाचं प्रोत्साहन.

आता पोस्टरांबद्दल. बहुतेक शाळांत कल्पना चावलांचा फोटो असतो, असायलाच हवा. पण मुलीला त्या फोटोत फक्त अंतराळाचा पोशाख दिसतो. हरियाणातल्या कर्नालच्या शाळेतून निघून त्या चंदीगडला एरोनॉटिकल इंजिनियरिंग शिकल्या, १९८२ मध्ये पदवी घेतली आणि मग अमेरिकेला गेल्या, ही मधली पायरी फोटोत दिसत नाही. चढायला पायरीच लागते. तसंच सौदामिनी देशमुखांचं. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं एक फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला गेलं. त्यात वैमानिकांपासून सगळ्या बायका होत्या आणि कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. त्याला आता चाळीस वर्षं झाली. आज भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाची सरासरी ५ टक्क्यांच्या जवळपास. म्हणजे या कामात भारतातल्या मुली जगाच्या पुढे आहेत. वडिलांना हे जरूर सांगा, कारण 'बायका हे करत नाहीत' असं त्यांना मनापासून वाटत असतं. हँगरमध्ये, म्हणजे विमानांची देखभाल होते त्या शेडमध्ये, मात्र चित्र वेगळं. माझ्या शिफ्टला चाळीस जणांत आम्ही तिघी असतो.

हँगरमध्ये मुली इतक्या कमी का, याचा विचार मी खूप केलाय. माझं उत्तर हातांपाशी येऊन थांबतं. मी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वडिलांना डबा द्यायला जायचे आणि ते "दहा-अकराचा पाना दे" म्हणायचे. पाना हातात घेऊन वजन कळलं, बोल्ट किती आवळला की पुरे हे मनगटाला कळलं. पुढे टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, शिकवला तेव्हा मला तो ओळखीचा निघाला. घरात सायकलची चेन पडली की भावाला हाक मारतात, मिक्सर बंद पडला की वडिलांना. मुलगी शेजारी उभी राहून बॅटरी धरते. शाळेच्या प्रयोगशाळेतही मुलगे जोडणी करतात आणि मुली सुबक अक्षरात निरीक्षणं लिहितात. हे तुमच्या वर्गातही होत असेल, एकदा लक्ष देऊन पाहा.

मी शाळेत जाते तेव्हा सोबत लॉक वायर नेते. विमानात कंपनाने बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून काही बोल्टच्या डोक्याला भोक असतं. त्यातून स्टीलची बारीक तार ओवून दोन बोल्ट एकमेकांना बांधून टाकतात. तार साधारण ०.८ मिलिमीटरची, इंचाला सहा ते आठ पीळ. लाकडी फळीवर बोल्ट बसवून प्रत्येकीच्या हातात पक्कड देते. एक नियम ठेवलाय, मुलींचे गट वेगळे आणि अवजारं आधी त्यांना. पहिली दहा मिनिटं वाया जातात. तार तुटते, टोक बोटाला लागतं, "मॅडम, नाही जमत" सुरू होतं. मग एकदम शांतता होते. गेल्या डिसेंबरमध्ये नववीतली एक मुलगी दोनदा पीळ उलगडून बसली होती. मी विचारलं, काय झालं? तिने तार बोटाने ओढून दाखवली आणि म्हणाली, "मॅडम, मी बांधली तर बोल्ट सुटायच्या बाजूला ओढला जातोय. ही दुसऱ्या बाजूने घ्यायला पाहिजे ना?" लॉक वायरचं सगळं मर्म याच एका वाक्यात आहे. एक बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने दुसरा आवळला गेला पाहिजे. प्रशिक्षणाला आलेल्या मुलामुलींना हे समजायला काही दिवस लागतात. तिला मी सांगितलं की तू आत्ता जे पाहिलंस ते इंजिनियरचं पाहणं आहे. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तुमच्याकडे लॉक वायर नसली तरी सायकल आहे. ब्रेकचं रबर किती झिजलंय ते बघायला सांगा आणि मग विमानाची गोष्ट सांगा. विमानाच्या चाकात ब्रेकच्या चकत्यांमधून एक छोटी पिन बाहेर डोकावते. चकत्या झिजतात तशी ती आत जाते, आणि आम्ही पार्किंग ब्रेक लावून ती किती उरली ते पाहतो. सायकल आणि विमान यातलं अंतर मुलीच्या मनात असं कमी होतं.

हाताचा विषय निघाला म्हणून एक जुनी बोच सांगते, तुमच्या विद्यार्थिनींना पुढे उपयोगी पडेल. माझ्या पहिल्या नोकरीत वरिष्ठांनी मला रेकॉर्ड्समध्ये बसवलं. हेतू वाईट नव्हता. अक्षर चांगलं आहे, रात्री-अपरात्री कुठे विमानाखाली झोपून काम करशील, असं म्हणाले. मलाही आधी बरं वाटलं. आठ महिन्यांनी माझ्यासोबतच्या मुलांची लॉगबुकं भरत आलेली आणि माझं जवळजवळ कोरं. एएमईच्या परवान्यासाठी परीक्षांइतकाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. तो तारखेनिशी नोंदवून त्यावर सही घ्यावी लागते. मी लेखी अर्ज दिला, लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष विमानावरच्या कामाला, बदली मागितली, दोनदा नाकारली गेली, तिसऱ्यांदा मिळाली. परवाना वर्षभर उशिरा आला. म्हणून मी मुलींना सांगते, कुणी मायेने खुर्ची दिली तरी लॉगबुक रिकामं ठेवून बसायचं नाही.

आता पैशांचं. इथे तुमच्या विद्यार्थिनीच्या वडिलांचं अर्धं बरोबर आहे आणि ते त्यांना मोकळेपणाने सांगायला हवं. पायलटचा परवाना आणि पुढचं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवण्याची पात्रता, धरून हिशोब साठ लाखांच्या खाली क्वचित बसतो. एअरलाइनच्या कॅडेट कार्यक्रमात तो एक कोटीच्या वर जातो. परवाना मिळाला की नोकरी मिळतेच असंही नाही, दोन-तीन वर्षं थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्या घरात एवढे पैसे नाहीत तिथे जमीन गहाण टाकून हा जुगार खेळा, असं मी कधी सांगणार नाही. आणि ज्यांना परवडतं त्यांनीही पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आधी क्लास टू, मग त्याहून कडक क्लास वन. चष्म्याने अडतं हा गैरसमज फार पसरलाय, तसं अडत नाही. रंगांधळेपणा असेल तर मात्र अडू शकतं. आणि मुलींच्या बाबतीत एक नेहमी दिसतं, हिमोग्लोबिन कमी भरतं. ते दहावीतच तपासून खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं तर पुढची धावपळ वाचते.

पैसा नसेल तर उडण्याची वाट हवाई दलाची. २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुली आहेत. १७ मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. शिक्षण पूर्ण सरकारी खर्चाने. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, लेखी परीक्षेत एकट्या गणिताला ३०० गुण, मग एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, मुलाखत. मुलींच्या जागा थोड्या आहेत, हे लपवू नका. शासनाने नाशिकला मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये सुरू केली. तिच्या प्रवेशाची तयारी दहावीतच करावी लागते, म्हणून तुमच्या या विद्यार्थिनीच्या बाबतीत याची चौकशी लगेच करा.

माझी वाट, एएमईची, काही लाखांत होते. बारावीनंतर डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याची मान्यता असलेल्या संस्थेत दोन वर्षांचं प्रशिक्षण, मॉड्यूलच्या म्हणजे विषयवार परीक्षा, प्रत्येक परीक्षेत ७५ टक्के मिळाले तरच पास. आणि एक काकुळतीने सांगते, फी भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः डोळ्यांनी पाहा. 'एव्हिएशन' शब्द पाटीवर लावून डिप्लोमा विकणारे खूप आहेत. त्या कागदावर विमानाला हात लावता येत नाही. अशा दोन मुली माझ्याकडे रडत आलेल्या आहेत.

पण तालुक्यातल्या हुशार, साध्या घरातल्या मुलीला मी आज सगळ्यात आधी कुठलं काम सुचवेन, तर एअर ट्रॅफिक कंट्रोलरचं. याबद्दल शाळांमध्ये कुणी बोलतच नाही. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरण्याची, उड्डाणाची परवानगी देणारी व्यक्ती. फिजिक्स आणि गणित घेऊन जवळच्या कॉलेजात बीएस्सी करायचं, मग विमानतळ प्राधिकरणाची भरती परीक्षा. निवड झाली की प्रशिक्षण प्राधिकरण देतं, प्रयागराजला त्यांचं मोठं केंद्र आहे. स्पर्धा तीव्र आहे, वयाची अट २७ वर्षांची. पण घरच्यांना नेहमीच्या पदवीपेक्षा वेगळा खर्च नाही, आणि परीक्षेत नाही जमलं तरी हातात बीएस्सी राहते. धोका इतका कमी असलेली दुसरी वाट या क्षेत्रात मला माहीत नाही. इंजिनियरिंगकडे जायचं असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. फ्लाइंग स्कूल किंवा एएमईच्या खासगी संस्था त्यात येतात असं मात्र गृहीत धरू नका.

आणि विमानाचं वेड असलेल्या प्रत्येकीने विमानातच जायला हवं असंही नाही. पुण्याच्या वेधशाळेत १९४८ साली हवामानशास्त्रज्ञ ॲना मणी रुजू झाल्या. आपल्या देशात हवामानाची उपकरणं बनावीत म्हणून त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित करून घेतली. कुठलंही विमान सुटण्याआधी वाऱ्याचे, दृश्यमानतेचे आकडे पाहावे लागतात. त्यामागे असं काम असतं. आठवीतली मुलगी पाऊस मोजत असेल तर तीही याच वाटेवर आहे. शक्य झालं तर विज्ञान दिनाला मुलींना नारायणगावजवळ खोडदला न्या. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या त्या दिवशी सगळ्यांना पाहता येतात.

इंग्रजीची भीती हा मराठी शाळांमधला मोठा अडसर. मुली मला कुजबुजत विचारतात, "पुस्तकं इंग्रजीत असतात ना?" असतात. पण विमानाचं मेंटेनन्स मॅन्युअल मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेलं असतं, कारण ते जगभरचे लोक वाचतात. त्यासाठी मान्य केलेले सर्वसाधारण शब्द ९०० च्या आसपास, कामाच्या सूचनेचं वाक्य वीस शब्दांच्या आत, एका शब्दाला एकच अर्थ. हे ऐकल्यावर वर्गातले खांदे सैल होताना मी पाहिलेत. दहावीपासून रोज एक पान इंग्रजी विज्ञान मोठ्याने वाचायची सवय लावा, बाकी जमतं.

राहिलं लग्न आणि रात्रपाळी. यावर मी वडिलांशी वाद घालत नाही, माझा दिवस कसा जातो ते सांगते. माझी नाइट रात्री नऊला सुरू होते, सकाळी सातला संपते. कंपनीची गाडी दारातून नेते, दारात सोडते. माझी मुलगी लहान होती तेव्हा मी प्लॅनिंगला, म्हणजे टेबलावरच्या कामाला, गेले. पण दोन वर्षांत सहा महिने प्रत्यक्ष काम केल्याशिवाय सही करता येत नाही, म्हणून तेवढं काम चुकू दिलं नाही आणि मग लाइनवर परत आले. सासूबाईंनी घर सांभाळलं म्हणून जमलं, प्रत्येकीला तशी सासू मिळेलच असं मी म्हणत नाही. हे सगळं ऐकून एका वडिलांनी मला पगार विचारला, मी आकडा सांगितला. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग बारावीपर्यंत तर शिकू द्या." मला तेवढंच हवं होतं.

तुमच्या त्या मुलीच्या वडिलांकडूनही एवढंच मागा. अकरावीचा अर्ज ती भरेल तेव्हा शेजारी बसा आणि विषयांच्या रकान्यात गणित आलंय का ते स्वतः पाहा. दिवाळीनंतर मला सलग दोन सुट्ट्या आहेत. तुम्ही बोलावलंत तर मी येते. वायर, बोल्ट, पकडी माझ्याकडच्या, फळ्या तेवढ्या शाळेतून काढून ठेवा. आणि वडिलांनाही त्या दिवशी बोलवा. लेकीने पीळ घातलेली तार त्यांनी हातात घेऊन बघावी असं मला वाटतं.